विषय: प्रियस शनिवारी उचलणार, त्याआधी कुणी येईल का?

नमस्कार मंडळी,
मागून ठोकर बसलेली आमची प्रियस इन्शुरन्सने टोटल ठरवली, म्हणजे दुरुस्त करणं परवडणारं नाही. नानांनी मागे सांगितलं होतं म्हणून सॅल्व्हेजची (मोडक्या गाडीची) किंमत भरपाईतून कापून गाडी आम्हीच ठेवली, सुटे भाग विकू म्हणून. आता एचओएची (आमच्या सोसायटीची) गाडी हलवा म्हणून दुसरी नोटीस आली आणि शनिवारी दहाला जंकवाला येतोय. मागचं दार उघडत नाहीये आणि आत लेझीमची दोन्ही पोती आहेत! गाडी २००७ची. हायब्रिड बॅटरी तीन वर्षांपूर्वी नवी टाकली होती, कुणाला हवी का? कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून विकावा म्हणते.
– शुभांगी, फ्रीमाँट

शुभांगी, दार अडकलं नसावं, बारा व्होल्टची बॅटरी उतरली असेल. या गाडीत ती मागेच उजव्या कोपऱ्यात असते आणि दाराचं कुलूप विजेवर चालतं. बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये जंपसाठी टर्मिनल आहे. प्लस तिथे, मायनस इंजिनाच्या उघड्या धातूला. तरीही उघडलं नाही तर पत्रा वाकलाय. मग मागची सीट पाडून पोती आतून ओढ.
हायब्रिड बॅटरीला मात्र कुणी हात लावू नका. ती मागच्या सीटच्या पाठीशीच असते आणि ठोकर मागूनच बसली आहे. दोनशे व्होल्ट आहेत.
– नाना

बॅटरी मी घेतो. नाना, माझ्या प्रियसची मी दोनदा उघडली आहे. नारिंगी हँडलचा सर्व्हिस प्लग काढायचा, इन्सुलेटेड हातमोजे घालून, आणि थोडा वेळ थांबायचं. आत २८ मॉड्यूल (छोट्या बॅटऱ्या) असतात, त्यातली चांगली वेगळी काढता येतात.
– अभय

अभय, तुझा पॅक ठोकरलेला नव्हता. आत मॉड्यूल चेपलं असेल तर बाहेरून कळत नाही, आणि ते तू गॅरेजमध्ये ठेवणार, वर मुलं झोपतात. पिकनिकच्या जनरेटरच्या वेळीही मी हेच सांगत होतो.
– नाना

जनरेटरचा इथे काय संबंध? तेव्हा पेट्रोल कमी पडलं होतं.
– अभय

कन्व्हर्टरबद्दल: सुटा काढून कुणालाही विकू नका. कॅलिफोर्नियात २०२३पासून रीसायकलवाल्यांना तो फक्त गाडीच्या मालकाकडून किंवा परवानाधारक डिसमँटलर (गाड्या मोडणारे), दुरुस्तीवाले वगैरेंकडूनच घेता येतो, कागदासकट. मालक म्हणून तुम्हाला चालेल, पण गाडीखाली शिरून पाइप कापणार कोण? गाडीसकट द्या आणि भाव त्यात धरून मागा.
आणि लेझीम मंडळाच्या आहेत. साहित्याची वही माझ्याकडे असते, त्यात या पोत्यांची नोंदच नाही. पुढच्या वेळी मला विचारल्याशिवाय कपाट उघडू नये.
– मीनल, खजिनदार

शुभांगी, सगळे भागांवर बोलतायत, कागदाचं कुणी विचारत नाही. टोटल झालेली गाडी स्वतः ठेवली की सेटलमेंटपासून दहा दिवसांत सॅल्व्हेज सर्टिफिकेटसाठी (गाडी टोटल झाल्याचा दाखला) अर्ज करायचा असतो. पिंक स्लिप (गाडीच्या मालकीचा कागद) आणि नंबरप्लेटा डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे जमा. केलंस का? नसेल तर शनिवारी जंकवाल्याच्या हातात काय देणार? पिंक स्लिपवर सही करून मोकळी होऊ नकोस.
आमच्या जुन्या कोरोलाच्या वेळी मी तेच केलं. टोवाल्याने रोख पैसे दिले, मी किल्ली दिली, पाच दिवसांत रिलीज ऑफ लायबिलिटी (गाडी दिल्याचं डीएमव्हीला कळवायचा फॉर्म) भरायचं राहूनच गेलं. दोन महिन्यांनी पुलाच्या टोलची बिलं आणि पार्किंगचे दंड माझ्या नावावर यायला लागले. गाडी मोडलीच नव्हती, कुणीतरी चालवत होतं. हिला तीन वेळा रजा काढून खेटे घालावे लागले. डिसमँटलरचा परवाना क्रमांक आधी विचार, आणि फास्टट्रॅकचा टोलचा टॅग काचेवरून काढ.
– सुहासकाका

काका, अर्ज केलेलाच नाही, आज आठवा दिवस. उद्या सकाळीच डीएमव्हीत जाते. जंकवाल्याला फोन करून शनिवार पुढे ढकलला, परवाना क्रमांकही मागितलाय. टॅग काढला. अभय, बॅटरी गाडीबरोबरच जाऊ दे, माझा जीव होत नाही. नाना, जंपर केबल तुमच्याकडे आहे ना? शुक्रवारी सातनंतर या, जेवूनच जा. मीनल, पोती थेट तुझ्याकडे आणते, तेव्हाच वहीत लिहू.
– शुभांगी