मदत हवी आहे: आईचे विसरणे नेमके कोणत्या प्रकारचे?
माझ्या ७८ वर्षांच्या आईला बालपणीच्या आठवणी तपशीलवार सांगता येतात, परंतु तासाभरापूर्वी जेवण झाल्याचे स्मरत नाही आणि दिवस मावळू लागला की ती स्वतःच्याच घरात ‘मला घरी सोडा’ असा हट्ट धरते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार किंवा नैराश्य यांमुळेही अशी लक्षणे दिसू शकतात, म्हणून त्या तपासण्या आधी करून घेतल्या; त्यांत दोष आढळला नाही. अल्झायमर आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणारा स्मृतिभ्रंश यांतील फरक घरच्यांना रोजच्या वागण्यातून कितपत ओळखता येतो? शिवाय तिचे म्हणणे खोडून काढले की ती अधिकच बिथरते (हे मी चुका करूनच शिकलो), तेव्हा अशा वेळी आपण काय बोलता, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.