इंधन भरताना सीटचा पट्टा सोडायला का सांगतात?

विदर्भकन्या
मे महिन्यात आईबरोबर प्रवास करताना आमचे विमान नागपूरला थांबले. तिथे उतरणारे उतरले आणि पुढे जाणारे आम्ही जागेवरच बसून राहिलो. तेवढ्यात सूचना झाली, की विमानात इंधन भरले जात आहे, तरी सर्वांनी सीटचे पट्टे सोडून ठेवावेत. एरवी पट्टा बांधण्याचा आग्रह धरणारे या वेळी नेमके उलटे का सांगतात? बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन होते आणि आईला गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नाही, त्यामुळे मला खरोखर भीती वाटली. अशा वेळी खाली नेमकी कोणती काळजी घेतली जाते, हे जाणकारांनी सांगावे.

एप्रनवरची_बावीस_वर्षे
ताई, तुमची शंका रास्त आहे. जेट ए-१ इंधनाचा फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे त्याहून कमी तापमानाला त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ सहसा साचत नाही. जमिनीखालच्या टाकीतून येणारे इंधन त्यामानाने थंड असते, पण तेच नागपूरच्या तापलेल्या काँक्रीटवर सांडले तर ही मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच थोडेसे सांडले तरी आम्ही भरणे ताबडतोब थांबवतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. इंधन नळीतून आणि विशेषतः फिल्टरमधून वेगाने जाताना त्यात स्थिर विद्युतभार तयार होतो, आणि हे इंधन विजेचे मंदवाहक असल्यामुळे तो लगेच ओसरत नाही. टँकर आणि विमान यांच्यात ठिणगी पडू नये म्हणून दोघांना बॉन्डिंग केबलने जोडतात. ही केबल नळी जोडण्याआधी लावायची आणि नळी काढल्यानंतरच सोडायची, हा क्रम कितीही घाई असली तरी बदलायचा नाही. नव्या मुलांना मी सर्वांत आधी हेच शिकवत असे.

इंधन भरणाऱ्याच्या हातात ‘डेडमन’ नावाची कळ असते. ती दाबून धरली तरच इंधन वाहते. माणूस कोसळला किंवा हात सुटला की प्रवाह बंद होतो. टाकी भरत असताना आतली वाफमिश्रित हवा पंखाच्या टोकाजवळच्या व्हेंटमधून बाहेर पडते, त्यामुळे त्या भागात इतर वाहने उभी करत नाहीत. टँकर मात्र असा लावतात, की प्रसंग आला तर मागे न घेता थेट पुढे निघून जाता यावे. आणि आकाशात विजा चमकू लागल्या, तर उड्डाणाला उशीर झाला तरी चालेल, पण काम थांबते.

निवृत्त_केबिन_क्रू
पट्ट्याविषयी मी सांगते. उडताना पट्टा तुम्हाला धक्क्यापासून वाचवतो, पण उभ्या विमानात तो धोका नसतो आणि आग लागलीच तर पट्टा सोडण्यात गेलेले सेकंद महागात पडतात. त्याच कारणाने इंधन भरले जात असताना आम्ही दारांजवळ उभ्या राहतो, मधली वाट सामानापासून मोकळी ठेवतो, स्वच्छतागृहात कोण आहे याकडे लक्ष देतो, आणि वैमानिक व खाली काम पाहणारा माणूस यांचा एकमेकांशी संपर्क चालू असतो.

५ सप्टेंबर २००१ रोजी डेन्व्हरला ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ मध्ये इंधन भरताना पंखाखालचा जोड तुटला आणि फवाऱ्यासारख्या उडालेल्या इंधनाने पेट घेतला. विमानातील माणसे सुखरूप बाहेर पडली; इंधन भरणाऱ्या कर्मचाऱ्याचा मात्र मृत्यू झाला.

विदर्भकन्या
दोघांचेही मनापासून आभार. पट्टा सोडण्याचे कारण आता नीट समजले. पण आईसारख्या व्यक्तीने अशा वेळी काय करावे?

निवृत्त_केबिन_क्रू
तिकीट काढतानाच मदतीची नोंद करा आणि विमानात शिरल्यावर क्रूला तिच्या गुडघ्यांविषयी पुन्हा स्पष्ट सांगा, कारण कोणाला आधार लागेल हे आधीच ठाऊक असले तर त्यांच्याजवळ कोणी जायचे ते ठरवता येते. इंधन भरणे चालू असताना त्यांची चप्पल पायातच असू द्या, आणि पायांपाशी पिशवी ठेवू नका.