दयाळाचं गाणं: हद्दीसाठी की मादीसाठी?

चिंचपान: सोसायटीत दयाळ पक्ष्याचे दोन नर आहेत. मार्चपासून उजाडायच्या आधीच अँटेनावर बसून गायला लागतात. मोबाइलवर दयाळाचं गाणं लावलं की जवळचा नर तडक धावून येतो. म्हणजे हे गाणं हद्दीसाठीच, मादीचा त्याच्याशी संबंध नाही, असं म्हणायचं का?

पाणकणीस: धावून आला एवढ्यावरून फक्त नराचं कळलं, मादीचं काहीच नाही. दोन्ही प्रश्न वेगळे तपासावे लागतात. इंग्लंडमधल्या वायथम वुड्स या जंगलात जॉन क्रेब्स या पक्षी-अभ्यासकांनी १९७० च्या दशकात ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याचे नर त्यांच्या हद्दींतून काढले. काही रिकाम्या हद्दींत स्पीकरवर त्याच जातीचं गाणं वाजत ठेवलं, काहींत साध्या शिट्टीचा आवाज, तर काही शांत सोडल्या. गाणं वाजणाऱ्या हद्दींत नवे नर सर्वांत उशिरा शिरले. शिट्टीमुळे मुख्य शंका मिटली: नुसत्या आवाजाला कोणी बिचकलं नव्हतं.
मादीसाठी १९८६ चा स्वीडनमधला फ्लायकॅचर पक्ष्यांवरचा प्रयोग बघा. सापळा लावलेल्या घरट्याच्या पेट्या, प्रत्येकीवर नराची प्रतिकृती, पण गाणं मात्र निम्म्या पेट्यांवरच. सापडलेल्या १० माद्यांपैकी ९ गाण्याच्या पेटीत होत्या.

रानचाफा: प्रयोगाची पद्धत अशी ठेवा: ५ मिनिटं नुसतं निरीक्षण, ३ मिनिटं गाणं, पुन्हा ५ मिनिटं निरीक्षण. पहिलं उत्तर किती सेकंदांनी आलं, नर स्पीकरच्या किती जवळ आला आणि किती वेळा गायला, हे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी बुलबुलाचा आवाज लावा. त्याशिवाय तुलना होत नाही.
एकच क्लिप सगळीकडे वाजवणं ही नेहमीची चूक. मग उत्तर दयाळाच्या गाण्याला मिळालं की त्या एका क्लिपला, ते सांगता येत नाही. निदान चार-पाच वेगवेगळ्या नरांची ध्वनिमुद्रणं घ्या. स्पीकर कुठे ठेवता तेही लिहा: बऱ्याच जातींत ओळखीच्या शेजाऱ्याचं गाणं त्याच्याच बाजूने आलं तर नर फारसा चिडत नाही, उलट बाजूने आलं की चिडतो.

पाणकणीस: दयाळाची मादी करडी असते, त्यामुळे जोडी जमल्याची तारीख सहज टिपता येईल. त्याआधी आणि नंतर रोज पहाटेची २० मिनिटं गाणी मोजा. युरोपातला सेज वॉर्बलर जोडी जमली की गाणं जवळपास थांबवतो, तिथे मादीचा वाटा स्पष्ट दिसतो. दयाळ जोडी जमल्यावरही जोरात गात राहिला, तर हद्दीचा भाग मोठा समजा. तेही सावधपणे, कारण शेजारी दुसरा नर आहेच.

रानचाफा: घरट्यात अंडी-पिल्लं असताना स्पीकर अजिबात नको. नर खोट्या शत्रूमागे फिरतो, पिल्लांचं खाणं मागे पडतं.