कित्तूरची लढाई १८२४ ला संपली नाही
काही जण म्हणतात की कित्तूरचा (बेळगावजवळचं छोटं संस्थान) इंग्रजांशी लढा डिसेंबर १८२४ मध्ये किल्ला पडला तिथेच संपला. हे पटत नाही.

त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे किल्ल्यासमोर मारला गेला, त्याचे सहायक इलियट आणि स्टीव्हन्सन कैद झाले. कारण दत्तकाचं: कित्तूरच्या गादीसाठी दत्तक घेतलेल्या शिवलिंगप्पाला वारस मानायला ईस्ट इंडिया कंपनी तयार नव्हती. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी दोघा कैद्यांना सोडलं, तरी इंग्रजांची मोठी फौज चालून आलीच. राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ ला वारल्या.

पण खरी चिवट लढाई किल्ला पडल्यानंतरची, राणींच्या पदरच्या संगोळी रायण्णाची. पदरी ना तोफा ना किल्ला. गावागावांतली साधी माणसं जमवून त्याने सरकारी कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. शिवलिंगप्पाला गादीवर बसवायचं हा हेतू त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. समोरासमोर हरवता येईना, म्हणून इंग्रजांनी फितुरीने त्याला पकडलं आणि जानेवारी १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिलं. नंदगड म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातलं. सीमाप्रश्नावर आपण कुठल्याही बाजूचे असू, हा माणूस आपलाही आहे, असं मी मनापासून मानतो. मराठी घरांत त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं वाईट वाटतं.

आणि दत्तकावरून झालेल्या अशा उठावांत धारवाडजवळचं नरगुंद संस्थानही धरा. १८५८ मध्ये तिथल्या बाबासाहेब भाव्यांच्या उठावात पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. त्यांच्याही संस्थानाला दत्तक नाकारला होता. त्यांना फाशी झाली ती बेळगावातच.