पाचवी ते आठवीचं कलाशिक्षण : नाशिकची तुलना जपान, फिनलंड, इंग्लंडशी कशी करावी?

पेठरोडकर
एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी नाशिक तालुक्यातल्या सहा शाळा घेतल्या आहेत. धोरणाची कागदपत्रं जमली, पण तक्ता करायला बसलं की एका देशाचा रकाना दुसऱ्याशी जुळत नाही. कुठे तासिका दिल्यात, कुठे नुसती उद्दिष्टं. सुरुवात कुठून करू?

खडूफळा
आधी सगळ्या तासिकांची मिनिटं करा. जपानमध्ये संगीताला पाचवी-सहावीत वर्षाला 50 तासिका, सातवीत 45, आठवीत 35. चित्र-हस्तकलेलाही तेवढ्याच. पण सहावीपर्यंत तासिका 45 मिनिटांची आणि सातवीपासून 50 ची, कारण तिथे शाळाच बदलते. सरसकट 45 ने गुणलंत तर चुकेल. बरोबर हिशेब : 100 × 45 अधिक 80 × 50, म्हणजे 8,500 मिनिटं. चार वर्षांत एका विषयाला साधारण 142 घड्याळी तास.

फिनलंडच्या तक्त्यातला '1' म्हणजे वर्षभरातले 38 पाठ, तेव्हा '2' दिसलं की 76 समजा. इंग्लंडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम तासच ठरवून देत नाही. तो रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका.

रंगपेटी
तासांच्याही आधी 'कला' म्हणजे काय धरलंय ते लिहून काढा, सगळा घोळ तिथेच होतो. आपल्या वेळापत्रकात 'कला' लिहिलेलं असतं आणि वर्गात चित्रकलाच होते. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात नृत्य शारीरिक शिक्षणात आहे आणि नाट्य इंग्रजी विषयात. विषयांची नावं वाचून पुढे गेलात तर दोन्ही हातातून निसटतील. फिनलंडमध्ये हस्तव्यवसाय हा स्वतंत्र सक्तीचा विषय आहे. तो कलेत धरणार असाल तर आपला कार्यानुभवही धरा, नाहीतर दोन्ही वगळा.

शिक्षकांचा रकाना वेगळा करा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) आहे, पण पटसंख्या शंभरच्या वर असेल तरच. त्यामुळे सहाही शाळांचा पट आधी नोंदवा. लहान शाळेत कलाशिक्षक नाही, याचा अर्थ तिथे धोरण मोडलं असा होत नाही; धोरणातच ती जागा नाही. माझ्या मते तुमच्या प्रबंधातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच ठरेल.

पेठरोडकर
प्रत्यक्षात तासिका झाली की नाही, हे कसं तपासायचं? वेळापत्रकात तर सगळीकडे आहे.

खडूफळा
चित्रकलेच्या वह्या मागा. प्रत्येक वर्गातल्या पाच, त्याही मुख्याध्यापकांनी निवडलेल्या नकोत, हजेरीपटावरचा दर आठवा क्रमांक घ्या. पानांवरच्या तारखा उतरवून काढा. जुलै-ऑगस्टात भराभर पानं आणि जानेवारीनंतर कोरी वही दिसली, तर तासिका गणिताकडे गेली असण्याची शक्यता मोठी. मग त्याच तारखांचं पाठटाचण (शिक्षकाने लिहिलेलं पाठाचं नियोजन) आणि बदली तासिकांची नोंद पडताळा. तारखा नसतील तर 'पडताळता आलं नाही' असं लिहा, शून्य नको.

रंगपेटी
आणखी एक. 'कलेमुळे गुण वाढतात' या निष्कर्षाकडे घाईने जाऊ नका. शासनाच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी असली की दहावीला 7 वाढीव गुण, ब ला 5, क ला 3. ते एकूण गुणांतून वजा न करता तुलना केली तर उत्तर प्रश्नातच मिसळलेलं असतं. शिवाय त्या परीक्षेला बसणारी मुलं बहुतेकदा आधीपासूनच अभ्यासात पुढची असतात. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या 2013 च्या आढाव्यातही हीच अडचण आहे : संगीत आणि नाट्याचे काही परिणाम पुराव्याने दिसतात, पण चित्रकलेमुळे इतर विषय सुधारतात याला भक्कम आधार नाही. तेव्हा तुमच्या तक्त्यात गणिताच्या गुणांचा रकाना नसलेलाच बरा. त्याऐवजी मुलाने वर्षभरात किती माध्यमं हाताळली ते मोजा : पेन्सिल, जलरंग, माती, कागदकाम, ठसे. मूळ चित्र आणि छापील चित्रात भरलेला रंग यांची पानंही वेगवेगळी मोजा.