मदत हवी आहे: पुण्याच्या दमट हवेत स्क्रीन प्रिंटची फ्रेम

मंडळी, जरा मार्गदर्शन करा. सॅन फ्रान्सिस्कोत एका छोट्या स्वतंत्र गॅलरीत संगीतावरच्या चित्रांचं प्रदर्शन पाहिलं. १९६६ मध्ये वेस विल्सन या पोस्टर-चित्रकाराने तिथल्याच फिलमोर सभागृहातल्या मैफलींच्या पोस्टरांवर ज्वाळांसारखी वळवळणारी, चटकन वाचताच न येणारी अक्षरं काढली होती, त्याच वळणाचं आजचं काम. मोह आवरला नाही. १८ बाय २४ इंची प्रिंट घेतली. खाली पेन्सिलीनं ३७/१५० (म्हणजे दीडशे प्रतींतली सदतिसावी) आणि सही. भिंगातून पाहिलं तर छपाईचे ठिपके नाहीत, रंगाचे सपाट थर आहेत, म्हणजे स्क्रीन प्रिंटच (जाळीतून एकेक रंग दाबून केलेली छपाई). केशरी तर बोटाला किंचित उंच लागतो. (हो, बोट लावायला नको होतं.)

पंचाईत फ्रेमची. इथला फ्रेमवाला म्हणतो, ‘मागे प्लायला फेविकॉलनं चिकटवून देतो, जन्मात हलणार नाही!’ गुंडाळी काखेत मारून तसाच परत आलो.

अ‍ॅसिड-फ्री माउंट (प्रिंटभोवतीचा आम्लविरहित पुठ्ठा) आणि यूव्ही काच (अतिनील किरण अडवणारी) पुण्यात कोण नीट करून देतं? बुरशी धरू नये म्हणून काच आणि कागदात किती फट ठेवता? शिवाय पाच महिने नळकांड्यात राहून कागद वाकलाय, तो सरळ कसा करू? इस्त्री फिरवायचा सल्ला आईने दिलाय, तो सोडून सांगा.