मायक्रोकंट्रोलरच्या कामासाठी ऑसिलोस्कोप: किती मेगाहर्ट्झचा घ्यावा?

चिंचवड_बेंच

नमस्कार मंडळी. माझं काम एटीमेगा३२८पी, ईएसपी३२ आणि एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डांवर चालतं. सध्या दोन दुखणी आहेत, ती मल्टिमीटरवर दिसत नाहीत:

१) वाय-फाय सुरू झालं की ईएसपी३२ रिसेट होतो, सिरियलवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज खाली गेल्याचा) मेसेज येतो.
२) आय-टू-सी (दोन तारांच्या सिरियल बसवरचा) सेन्सर १०० किलोहर्ट्झवर नीट चालतो, ४०० वर मधूनच गप्प होतो. पुल-अप (लाइन वर खेचणारे रेझिस्टर) ४.७ किलोओहमचे आहेत, वायर जरा लांब आहे.

बजेट ४० हजारांच्या आसपास, थोडं वरखाली चालेल. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत: जुना २० मेगाहर्ट्झचा ॲनालॉग सीआरओ (पिक्चर-ट्यूबचा स्कोप), यूएसबी स्कोप किंवा नवा चार चॅनेलचा डीएसओ (सिग्नल मेमरीत साठवणारा डिजिटल स्कोप). क्लॉकच्या पाचपट बँडविड्थ (स्कोप किती वेगाचा सिग्नल दाखवू शकतो तो आकडा) हवी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. एसटीएम३२ चं क्लॉक ७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे ३६० मेगाहर्ट्झचा स्कोप? तेवढे पैसे नाहीत.

तांब्याची_तार

पाचपटीचा नियम पिनवर जे येतं त्याला लावायचा. ७२ मेगाहर्ट्झ पीएलएलनंतर (क्लॉक वाढवणाऱ्या भागानंतर) चिपच्या आतच फिरतं, बाहेरचा क्रिस्टल सहसा ८ चा असतो. एफ१०३ चा एसपीआय (चिप-चिपमधली वेगवान सिरियल बस) जास्तीत जास्त १८ मेगाहर्ट्झ, त्याचे पाचपट ९०. म्हणून १०० मेगाहर्ट्झ घ्या, ७० वरही भागतं.

खरं बघायचं ते काठ किती वेगाने चढतो. स्कोपचा स्वतःचा राइज टाइम (काठ चढायला लागणारा वेळ) ०.३५ भागिले बँडविड्थ: २० मेगाहर्ट्झला १७.५ नॅनोसेकंद, ५० ला ७, १०० ला ३.५. चार नॅनोसेकंदांचा काठ १०० च्या स्कोपवर साधारण ५.३ दिसेल, म्हणजे कामापुरता खरा. तोच २० च्या स्कोपवर १८ दिसेल आणि रिंगिंग (काठानंतरची थरथर) असलं तरी गुळगुळीत होऊन जाईल. बँडविड्थचा आकडा म्हणजे जिथे साइन वेव्ह ७० टक्के उरते ती जागा. ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर ५० मेगाहर्ट्झची ३.३ व्होल्टची वेव्ह २.३ दिसते.

१०० च्या पुढे पैसे घालण्यापेक्षा मेमरी बघा. जाहिरातीत १ गिगासॅम्पल (सेकंदाला अब्ज नोंदी) ठळक छापतात आणि मेमरी बारीक अक्षरात. १० हजार पॉइंटच्या स्कोपवर १०० मिलिसेकंद पकडायला गेलात तर सॅम्पल दर १० मायक्रोसेकंदांनी येतो. ११५२०० बॉडच्या (सेकंदाला तेवढे बिट) सिरियल लाइनचा एक बिट ८.६८ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे बिटच्या बिट गळणार आणि स्क्रीनवर भलतंच काहीतरी दिसणार. १४ मिलियन पॉइंट असतील तर पूर्ण १ गिगासॅम्पलने १४ मिलिसेकंद साठवता येतात, वेग बराच उतरवला की सेकंदभरही.

सीआरओ पीडब्ल्यूएमसारखा (चालू-बंद पल्सचा) सतत येणारा सिग्नल उत्तम दाखवतो. तुमचा ब्राउनआउट एकदाच घडून जातो आणि सीआरओ तो साठवत नाही, तेव्हा तो पर्याय बाद. २० मेगाहर्ट्झ, ४८ मेगासॅम्पलवाल्या यूएसबी स्कोपवर दोन सॅम्पलमध्ये २१ नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. शिवाय त्याचं ग्राउंड थेट कॉम्प्युटरला जातं, चूक झाली तर लॅपटॉपही जातो.

नवा घ्यायचा तर रिगॉल डीएचओ८०४ (चार चॅनेल, ७० मेगाहर्ट्झ, १२ बिट, २५ मिलियन पॉइंट) किंवा सिग्लेंट एसडीएस११०४एक्स-ई (चार चॅनेल, १०० मेगाहर्ट्झ, ८ बिट, १४ मिलियन). दोन्हींत यूएआरटी (साधी सिरियल), आय-टू-सी, एसपीआय डिकोड (लाइनवरचा डेटा वाचून दाखवणं) आहे. पॉवर सप्लायचा रिपल (डीसीवरची बारीक चढउतार) बघणाऱ्याला १२ बिटांचा फायदा, वेगवान एसपीआयवाल्याला १०० मेगाहर्ट्झचा. चॅनेल वाढवले की सॅम्पल रेट वाटला जातो हे लक्षात असू द्या. सिग्लेंटमध्ये १-२ ची एक जोडी आणि ३-४ ची दुसरी, म्हणून दोनच सिग्नल बघायचे असतील तर प्रोब १ आणि ३ ला लावा.

खटका

चार चॅनेल कशाला? दोन चॅनेलचा स्कोप घ्या आणि सोबत आठ चॅनेलचा, २४ मेगासॅम्पलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर. त्यासाठीच्या पल्सव्ह्यू या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये एसपीआयच्या चारही लाइन एकदम दिसतात, मिनिटभराचा डेटा साठतो. एसपीआय ४-५ मेगाहर्ट्झच्या वर नेऊ नका आणि इनपुटला ५ व्होल्टपेक्षा जास्त देऊ नका, एवढंच पथ्य.

चिंचवड_बेंच

मग माझं आय-टू-सीचं दुखणं लॉजिक ॲनालायझरवर दिसेल का?

तांब्याची_तार

परिणाम दिसेल, कारण नाही. त्याला फक्त शून्य आणि एक कळतं, मधला चढ कळत नाही. तुमचं गणित असं: राइज टाइम = ०.८४७ × पुल-अप × लाइनची कपॅसिटन्स. लांब वायरीने १०० पिकोफॅराड धरले तर ४.७ किलोला ३९८ नॅनोसेकंद येतात. १०० किलोहर्ट्झला मर्यादा १००० ची, ४०० ला ३००. म्हणून एकीकडे चालतं, दुसरीकडे अडतं. २.२ किलो लावा, १८६ वर येईल. ३.३ व्होल्टला साधारण १ किलोच्या खाली मात्र जाऊ नका. मॉड्यूलवर आधीच पुल-अप असतात, तेही समांतर धरा.

ब्राउनआउटसाठी: चॅनेल १ ईएसपी मॉड्यूलच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरच, चॅनेल २ यूएसबीच्या ५ व्होल्टवर. डीसी कपलिंग, पहिल्याला ५०० मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजन, फॉलिंग एज (उतरता काठ), ट्रिगर (चित्र पकडायची पातळी) ३.० व्होल्ट, २०० मायक्रोसेकंद प्रति डिव्हिजन, मोड सिंगल. ऑटोवर ठेवलंत तर पकडलेलं चित्र पुढच्या स्वीपमध्ये पुसलं जाईल. दोन्ही लाइन खाली बसल्या तर केबल किंवा पोर्ट दोषी. फक्त ३.३ बसली तर रेग्युलेटर नाहीतर मॉड्यूलजवळचा कपॅसिटर. एएमएस१११७ या रेग्युलेटरला इनपुट आउटपुटपेक्षा एक व्होल्टहून जास्त वर लागतं, त्यामुळे ५ चे ४.३ झाले की तो हात टेकतो. ईएसपी३२ ला निदान ५०० मिलिॲम्पियर देणारा सप्लाय हवा.

अर्थिंग_आधी

स्कोपवर एवढं बोललात, प्रोब राहिले. प्रोबवरचा स्विच १एक्सवर (सिग्नल आहे तसा) असेल तर बँडविड्थ साधारण ६ मेगाहर्ट्झ उरते, मग स्कोप १०० चा असो की ५०० चा. शिवाय लाइनवर १०० पिकोफॅराडच्या आसपास बोजा पडतो, म्हणजे वरचं आय-टू-सी तुम्हीच आणखी बिघडवाल. १०एक्स (सिग्नलचा दहावा भाग) वापरा आणि चॅनेलच्या मेन्यूतही १०एक्स निवडा. स्कोपच्या १ किलोहर्ट्झच्या टेस्ट टर्मिनलला लावून प्रोबवरचा ट्रिमर (छोटा स्क्रू) फिरवा, चौकोनी वेव्हचे कोपरे सपाट होईपर्यंत. १एक्स फक्त रिपलसाठी, स्कोपची २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू करून.

१५ सेंटिमीटरच्या मगर-क्लिपच्या वायरीचा इंडक्टन्स १५० नॅनोहेन्री धरा. प्रोबच्या १५ पिकोफॅराडबरोबर ती १०६ मेगाहर्ट्झच्या आसपास थरथरते. काठावर दिसणारं रिंगिंग बऱ्याचदा सर्किटचं नसून या वायरीचं असतं. प्रोबसोबत येणारी छोटी स्प्रिंग टोकाला लावून जवळच्या ग्राउंडवर टेकवा, काय उरतं ते खरं.

क्रिस्टलच्या पिनवर प्रोब लावू नका, २२ पिकोफॅराडच्या कपॅसिटरशेजारी आणखी १५ आले की ऑसिलेटर सरकतो किंवा बंद पडतो. एटीमेगात सीकेआउट फ्यूज (चिपमधलं सेटिंग) लावून पीबी० पिनवर क्लॉक बघा, एसटीएम३२ मध्ये एमसीओ (क्लॉक बाहेर देणारं आउटपुट) पीए८ पिनवर.

आणि २३० व्होल्टच्या बाबतीत: थ्री-पिनच्या स्कोपची ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते, चारही चॅनेलची एकच. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या कपॅसिटर ड्रॉपर सप्लायवर किंवा ट्रायॅक डिमरवर ती लावली तर स्फोट ठरलेला. काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात, त्याने स्कोपच्या धातूच्या भागांवरच २३० व्होल्ट येऊ शकतात. डिफरन्शियल प्रोब (दोन टोकांतला फरक मोजणारा) घ्या, नाहीतर तपासायच्या सर्किटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. डीएचओ८०४ टाइप-सी अडॉप्टरवर चालतो, त्याच्या मागच्या अर्थिंगच्या स्क्रूला वायर जोडूनच वापरा.